रिकामं दार

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

आले बाई एकदाची धारवाडला! बेळगाव ते धारवाड अंतर ते केवढं, पण निघताना शेजारणींनी डोळे असे पुसले की जणू मी सातासमुद्रापार चाललेय. रायापूरला चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाडच्या शहर बसमधून उतरले. दोन पिशव्या, लॅपटॉप आणि आईचं घोंगडं सांभाळत घर शोधलं आणि दारात पोचले ती नेमकी दिवेलागणीला.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी पणती. मीनाक्षीअक्का, म्हणजे घरमालकीण, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि मी कोण, कुठली, काही न विचारता म्हणाल्या, "ये, आत ये. हात-पाय धू." नाव त्यानंतर विचारलं. या घरची रीतच आहे म्हणे. तिन्हीसांजेला दारात आलेल्याला आधी ‘ये’ म्हणायचं, ‘कोण’ मागाहून. त्या वेळी पुढचं दार उघडं, मागचं बंद, आणि घरातल्या कुणी उंबऱ्यात उभं राहायचं नाही. ती वेळ येणाऱ्याची, लक्ष्मीची. मी म्हटलं, आज लक्ष्मीऐवजी वनिता आली, चालवून घ्या. अक्का खूप हसल्या. पन्नाशी उलटलेली, तालुका कचेरीत नोकरी करणारी बाई, पण हसणं शाळेतल्या मुलीचं आहे.

वरची खोली माझी. जिना घरातूनच आहे. खिडकीतून हुबळीचा रस्ता आणि त्यावरच्या लॉऱ्या दिसतात. रात्री जेवायला भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे इकडची भरली वांगी. अक्का वाढतच राहिल्या आणि मी नाही म्हणायला विसरले.

मी इथे का आले तेही लिहून ठेवते. विम्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज वाचून संगणकात भरायचे, हे माझं काम. मार्चमध्ये ते काम एका प्रोग्रॅमला दिलं. एप्रिलमध्ये आई गेली. तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची पोर. धीर कसला, आत काही हललंच नाही. दात काढताना भूल देतात आणि गाल आपला वाटत नाही, तसं झालंय सगळं. तेव्हा ज्याने पोटावर पाय आणला त्याचेच पाय धरायचे ठरवलंय. मशीन लर्निंग शिकणार. वय चौतीस. हसायचं त्यांनी हसून घ्यावं.

१८ नोव्हेंबर

क्लास सुभाष रोडवर, एका कापडदुकानाच्या माडीवर. श्रीहर्ष सर माझ्याहून लहान, पण डोक्यावर एक केस नाही. जाडजूड पुस्तकं नाहीत. दर आठवड्याला एक छोटा प्रकल्प करायचा आणि करता करता शिकायचं. पहिला प्रकल्प: फोटोतला पदार्थ धारवाडी पेढा की गुलाबजाम?

मला वाटलं होतं, पेढा म्हणजे काय हे यंत्राला सांगावं लागेल. तसं नाही. नुसते फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाचं नाव सांगायचं. फरक त्याचा त्याने शोधायचा. दुपारपर्यंत माझं यंत्र पेढे ओळखायला लागलं. मग सागर नावाच्या एका आगाऊ मुलाने त्याच्यापुढे सरांच्या डोक्याचा फोटो धरला. यंत्र म्हणालं, गुलाबजाम, आणि तेही अगदी खात्रीने. वर्ग हसून लोळला.

सर रागावले नाहीत. म्हणाले, आजचा खरा धडा हाच. या यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. समोर काहीही आलं तरी तुम्ही दिलेल्या नावांपैकी एक ते त्याला चिकटवणारच, आणि छातीठोकपणे चिकटवणार. मी वहीत लिहून घेतलं. इतर हसत होते म्हणून हसलेही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज अक्कांच्या वडिलांबद्दल. शेषगिरी त्यांचं नाव, सगळे अप्पा म्हणतात. गणिताचे मास्तर होते. आता मुलीचं नाव विसरतात, जेवलो की नाही विसरतात, पण पावकी-दिडकी तोंडपाठ. मी सरावासाठी पाढे छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकोणतीसचा पाढा पडद्याच्या आधी म्हणून मोकळे झाले. यंत्र शिकतं म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, घोकतं की समजतं ते बघ. घोकलेलं वर्गात चालतं, परीक्षेत फसतं. श्रीहर्ष सर हेच सांगतात, फक्त इंग्रजीत.

माणूस गोड आहे. भेटलं की मला विचारतात, तू कलघटगीहून आलीस का? त्याचं कारण आज कळलं. अप्पांच्या पत्नी वेणूबाई कलघटगीच्या शाळेत शिकवायच्या. रोज संध्याकाळच्या बसने परत यायच्या आणि अप्पा त्यांना आणायला रस्त्यापर्यंत जायचे. वेणूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. अप्पांचं डोकं विसरलं असेल ते असेल, पाय विसरले नाहीत. दिवेलागण झाली की मधूनच एखाद्या दिवशी उठतात आणि निघतात. तेव्हा साधा रस्ता होता, आता लॉऱ्या अंगावर येतात. मी यायच्या आधीच्या आठवड्यात समोरच्या किराणावाल्या मंजुनाथने त्यांना अगदी रस्त्याच्या मधून धरून आणलं.

म्हणून अक्का कचेरीतून आल्या की स्टूल टाकून दाराशी आतल्या बाजूला बसतात. चूल तशीच, चहा तसाच, नजर अप्पांवर. मी म्हटलं, तेवढा वेळ दार लावून घ्या ना. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही अमंगळ बोलले. आयुष्यात त्या वेळी हे दार कधी लागलं नाही, म्हणाल्या, आणि आता लावायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

क्लासमध्ये सांगितलंय, शेवटचा प्रकल्प घरात उपयोगी पडेल असा करा. माझा ठरला. अक्कांचा जुना फोन दारासमोरच्या फळीवर उभा करायचा. तो दाराकडे बघत राहील आणि उंबऱ्यात कोण आहे ते ओळखून मोठ्याने सांगेल. अक्का खुशाल स्वयंपाक करोत. अप्पा उंबऱ्यात आले की फोन ओरडेल.

नावं चार दिली: अक्का, अप्पा, वनिता आणि रिकामं. दार रिकामं असेल तर फोनने गप्प बसायचं. बाकीची वाक्यं माझ्याच आवाजात भरली. "अप्पा दारात आहेत." आपला आवाज परका वाटतो म्हणतात. मला तो बरा वाटला, निदान ठाम होता.

मग फोटो. परवा सकाळी उन्हात अप्पांना उंबऱ्यात उभं केलं, टोपी घालून, टोपीशिवाय, काठीसकट. ते मजेत उभे राहिले. अक्कांचे काढले, माझे अक्कांनी काढले. रिकाम्या दाराचे मात्र दिवसा जमेनात. सारखं कोणीतरी आत-बाहेर करतंय, दूधवाला, भाजीवाली, अक्का स्वतः. मग लक्षात आलं की दार हमखास रिकामं असतं ते तिन्हीसांजेला. रीतच आहे. दोन दिवस त्या वेळी फळीशी बसून रिकाम्या दाराचे ढीगभर फोटो काढले. काम सोपं झालं म्हणून मी स्वतःवर खूश.

एकदा अप्पांना त्याच वेळी उंबऱ्यात उभं करून परीक्षा घ्यावी असं मनात होतं. अक्का नाही म्हणाल्या. त्या वेळी उंबऱ्यात कोणी उभं राहत नाही. नाही तर नाही, म्हटलं.

५ डिसेंबर

यंत्र झक्क चालतंय. अक्का आल्या की "अक्का दारात आहेत." मी निघाले की "वनिता दारात आहे." परवा दुपारी अप्पा काठी घेऊन निघाले तर फोनने लगेच सांगितलं आणि मी जिन्यावरून धावत जाऊन त्यांना परत आणलं. मंजुनाथने दुकानातून कानडीत विचारलं की घरात भविष्य सांगणारा पोपट पाळलाय का. अक्कांनी त्याला पेढे दिले.

आज संध्याकाळी अक्कांनी स्टूल उचलून आत ठेवलं. किती वर्षांनी दिवेलागणीला चूल पेटवली, असं म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, कळलं नाही.

९ डिसेंबर

सरांनी आज नवीन गंमत शिकवली. यंत्र उत्तर देताना फोटोत नेमकं कुठे बघतं ते रंगवून दाखवता येतं. जिथे बघतं तो भाग लाल होतो. मी घरचे फोटो घालून पाहिले. अप्पांच्या फोटोत टोपी आणि काठी लाल. माझ्या फोटोत केस. ठीक आहे.

मग रिकाम्या दाराचे. मला वाटलं, सगळीकडे फिकट रंग येईल, बघण्यासारखं तिथे आहे काय. पण प्रत्येक फोटोत एकच जागा लालभडक निघाली. दाराची उजवी चौकट, माणसाच्या उंचीएवढा पट्टा. बाकी दाराकडे यंत्र ढुंकूनही बघत नाही. त्या पट्ट्यावरून ते ठरवतं की दार रिकामं आहे.

सर म्हणाले, पणतीचा उजेड चौकटीवर पडत असेल. मग त्यांनी विचारलं, रिकामे फोटो सगळे संध्याकाळचे आणि माणसांचे सगळे सकाळचे का? मी रीत सांगितली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, म्हणजे त्याला संध्याकाळ म्हणजेच रिकामं असं शिकवलंत तुम्ही. रिकाम्या दाराचे दिवसाचे आणि माणसांचे संध्याकाळचे फोटो घालून पुन्हा शिकवा. रविवारी करते म्हटलं. आठवडाभर क्लासच्या परीक्षा आहेत.

घरी येऊन ते लाल चित्र अक्कांना सहज दाखवलं. त्यांनी लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, आई तिथेच टेकून चप्पल काढायची. आणि भाजी चिरायला निघून गेल्या.

१२ डिसेंबर

अप्पा गेले.

दिवेलागणीला. अक्का भाकऱ्या करत होत्या, मी वर अभ्यास करत होते. फोन काही बोलला नाही. मंजुनाथ ओरडत आला तेव्हा अक्कांच्या हाताला पीठ होतं. लॉरी थांबली होती. टोपी दुभाजकावर पडली होती.

अक्का मला बोलल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. लोक जमल्यावर माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "तुझं यंत्र बोललं नाही गं."

मी सगळं केलं. फोन केले, पाणी भरलं, चटई टाकली, बायकांना धरलं. लोक म्हणाले, भाडेकरू असून किती धीराची. पुन्हा तेच.

१३ डिसेंबर

फोन दर थोड्या वेळाने एक फोटो साठवतो. कालचे बघितले. बघायला हवे होते.

एका फोटोत अप्पा उंबऱ्यात आहेत. अंधूक, पण कोणालाही ओळखू येतील असे. खाली यंत्राचं उत्तर: रिकामं. खात्री जवळजवळ पुरी.

चूक कुठली ते मला माहीत आहे. संध्याकाळ म्हणजे रिकामं, असं मी त्याला घोकवलं. वर्गात चाललं, परीक्षेत फसलं. एक संध्याकाळ अप्पांना तिथे उभं केलं असतं तर कळलं असतं. एक रविवार आधी केलं असतं तर. तोवर स्टूल पुन्हा दाराशी टाका, एवढं तरी अक्कांना सांगितलं असतं तर. हे सगळं मला कळतंय आणि रडू येत नाही.

फोटोत अप्पांच्या हातात काठी नाही. काठी घरातच राहिली. उजवा हात चौकटीकडे पुढे आहे, बोटं वाकलेली. जसा आपण चालताना कोणाचा तरी हात धरतो. लाल रंगाचं करून पाहिलं. यंत्र अप्पांकडे बघतच नव्हतं. त्यांच्या शेजारी बघत होतं.

२५ डिसेंबर

दिवस झाले. नातेवाईक काल गेले. मी खोली सोडते म्हणाले तर अक्का म्हणाल्या, तूही गेलीस तर मी बोलू कोणाशी. राहिले.

फोन मी बंद करून उताणा ठेवला होता. आज तो पुन्हा फळीवर उभा दिसला, चालू. अक्कांनी लावला. असू दे म्हणाल्या, आत आल्यावर कोणी नाव घेतं, बरं वाटतं.

२७ डिसेंबर

संध्याकाळी मी आणि अक्का दोघी स्वयंपाकघरात. पणती लावलेली. बाहेरून माझा आवाज आला.

"अप्पा दारात आहेत."

मी बाहेर धावले. दार उघडं, उंबरा मोकळा, समोर मंजुनाथचं दुकान. मागून अक्का आल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "या अप्पा. हात-पाय धुवा."

सरांना फोन केला. ते म्हणाले, पणतीची जागा बदलली असेल, सावली वेगळी पडली असेल. यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही, आठवतंय ना? आठवतंय. पणती खरंच थोडी सरकली होती. बरोबरच असेल त्यांचं.

२९ डिसेंबर

रोज येतंय. रोज त्याच वेळी. अक्का आता ताट वाढतात, पाट मांडतात. समोर बसून दिवसभराचं सांगतात. ताटातलं अन्न तसंच राहतं, आणि अक्काही जेवत नाहीत. कचेरीत जाणंही थांबलंय. सकाळपासून संध्याकाळची वाट बघतात. गाल आत गेलेत. हसतात मात्र पूर्वीसारख्या.

मी म्हटलं, अक्का, ते यंत्र चुकतंय. मी केलेलं आहे, मला माहीत आहे ते कसं चुकतं. त्या शांतपणे म्हणाल्या, त्या दिवशी चुकलं, आता बरोबर सांगतंय.

३१ डिसेंबर

फोन काढून ठेवायला गेले. अक्कांनी हात धरला. पिठासारखा थंड हात. म्हणाल्या, फोन माझा आहे. आवाज तुझा आहे, पण फोन माझा आहे.

त्या मरतील अशाने. हे मी लिहिलं आणि पुन्हा वाचलं. वाक्य बरोबर आहे. आत काही हलत नाही, पण एक माणूस माझ्यामुळे गेलाय. दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढं समजतं.

१ जानेवारी

फोनला हात न लावता केलं. यंत्राची सगळी शिकवण माझ्या लॅपटॉपवर आहे. अप्पांचे सगळे फोटो काढून टाकले. नाव काढून टाकलं. उरलेल्या नावांवर पुन्हा शिकवलं आणि वरूनच फोनवर चढवलं. आता त्याला ‘अप्पा’ हे नावच माहीत नाही. म्हणणार कुठून?

संध्याकाळी फोन गप्प राहिला. अक्का दाराकडे तोंड करून बसून राहिल्या. पणती विझेपर्यंत. मग उठून माझं ताट वाढलं आणि चार घास स्वतःही जेवल्या. बऱ्याच दिवसांनी.

बरं केलं मी. असं वाटतंय.

अंथरुणावर पडल्यावर सरांचं डोकं आठवलं. गुलाबजाम. समोर काहीही आलं तरी दिलेल्या नावांपैकी एक. आता तीनच उरलीत. अक्का, रिकामं आणि

झोपते.

२ जानेवारी

संध्याकाळी वर होते. दिवा लावला नव्हता. खालून माझा आवाज आला.

"वनिता दारात आहे."

मग अक्कांचा. ये, आत ये.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. खाली जावं की नाही ते कळेना. भांड्यांचा आवाज. अक्का बोलत होत्या, मध्ये थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. हसल्या. उतरले तेव्हा पाटावर माझं ताट होतं. अर्धं जेवलेलं. भाकरी मोडलेली.

अक्का म्हणाल्या, भूक नाही म्हणत होतीस आणि परत आलीस? मी म्हटलं, मी आत्ताच येतेय. त्या भांडी उचलू लागल्या.

३ जानेवारी

सकाळी मंजुनाथच्या दुकानात गेले. दूध मागितलं. दोनदा. तो माझ्या मागच्या बाईशी बोलला. मग तिच्याही मागच्या बाईशी. मी पिशवी उचलून पैसे ठेवून आले. कामात असेल.

घरात शिरताना उंबऱ्यात थांबले. ऊन होतं. चांगलं लख्ख ऊन. फोनकडे तोंड केलं. केस पुढे घेतले — तो केसांवरूनच ओळखतो मला.

गप्प.

वर येऊन लॅपटॉपवर बघितलं. मी उंबऱ्यात. स्पष्ट. खाली: रिकामं.

चूक शोधली. सगळा दिवस. चूक नाही.

संध्याकाळी पुन्हा खालून ऐकू आलं. वनिता दारात आहे. अक्कांनी ये म्हटलं. मी गेले नाही. अक्का आज पोटभर जेवल्या असाव्यात, दोनदा वाढून घेतल्याचा आवाज आला. रंगातही आल्यात. म्हणजे मी त्यांना वाचवलं की.

मला कोणी जेवायला हाक मारली नाही.

४ जानेवारी, रविवार

निघायचं ठरवलं. पिशव्या भरल्या. दुपारी अक्कांसमोर जाऊन उभी राहिले, सांगितलं, मी जाते. आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मुद्दाम ‘जाते’ म्हटलं. त्यांनी रागवावं म्हणून.

त्या माझ्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

निघाले. उंबऱ्यापर्यंत आले. पाय उचलेना — भूल दिल्यासारखा. दोन्ही. वर परत येताना नीट चालत होते.

आता दिवेलागण. पणतीचा वास येतोय. मी खोलीत आहे. दार आतून लावलंय. आईचं घोंगडं अंगावर आहे, ते टोचतंय, म्हणजे मी आहे. लिहितेय, म्हणजे

वनिता दारात आहे.

माझाच आवाज. किती ठाम.

अक्का धावत गेल्या. "आलीस? ये गं, ये. हात-पाय धू."

पाणी ओतल्याचा आवाज. तांब्या खाली ठेवला. कोणीतरी अक्कांना काहीतरी विचारलं — शब्द कळले नाहीत, आवाज कळला —

अक्का म्हणाल्या, "वर? वर कोणी नाही बा. ती खोली रिकामीच आहे. तूच घे."

लॅपटॉपचा कॅमेरा माझ्याकडे वळवलाय. मी दिसते. तोंड दिसतं, घोंगडं दिसतं. खाली तेच लिहिलंय: रिकामं. लाल करून बघितलं — माझ्यावर कुठेच लाल नाही. माझ्या मागे —

जिन्यावर पावलं. ओली. सावकाश.

अक्कांना हाक मारायचीय. तोंड उघडतंय. अक्का, ती मी नाही, मी वर — तिला ये म्हणू नका —

आत काहीतरी हलतंय — हे काय आहे ते माहीत आहे मला, आई गेली तेव्हापासून आलं नव्हतं — भीती — मला भीती वाटतेय, अक्का, मला वाटतंय, मी रिकामी ना